दातावर दात

माय, तुझ्या नातीच्या दातांना तारा लावून वर्ष होत आलं. तू तिला पाहिलं नाहीस, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी तू गेलीस. पण तिने तोंड उघडलं की मला तू दिसतेस. तोच अरुंद जबडा, तसेच एकमेकांच्या अंगावर चढलेले पुढचे दात. तुझा जबडा मला आला आणि माझा तिला. शेत भावांकडे गेलं, हे मात्र आपल्या बायकांकडेच राहिलं बघ.

सडक अर्जुनीत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, केसांच्या पिना, लिपस्टिक. शाळा सुटल्यावर पोरगी तिथेच येऊन बसते. मागच्या वर्षी तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, कुणीतरी मास्तरांची नक्कल केली आणि सगळ्या खदखदून हसल्या. माझीही हसली, पण आधी तिचा हात तोंडावर गेला. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. माझं पाहून उचललं तिने. आणि तो हात खरं तर माझाही नव्हता, तुझा होता.

आपली धानाची बांधी आठवते मला. इटियाडोह धरणाचं पाणी नहराला आलंय, रोवणा चालू आहे, बायका एका ओळीत वाकून चिखलात रोपं लावतायत. कुणीतरी आपल्या नवऱ्याची टिंगल केली आणि मी मोठ्याने हसले. तू हातातली रोपांची जुडी तशीच धरून माझ्याकडे वळलीस. "तोंडावर हात ठेव वं! सारे दात काऊन दाखवून राहिली?" सगळ्यांसमोर. मी हात ठेवला, चिखलाचा. आणि त्याच संध्याकाळी तू शेजारच्या आजीला कौतुकाने सांगत होतीस, "माह्या पोरीले दातावर दात आहे, नशिबाची आहे ते." मला तेव्हा समजेना की ही नशिबाची वस्तू झाकायची कशाला. आज वाटतं, तुलाही ते धड समजलं नसेल. तू स्वतः आयुष्यभर पदराआड हसलीस, आणि मला जे जपून दिलंस ते हेच.

दातावर दात आला तो कसा, तेही आठवतं. दुधाचा दात पडला की तू शेणाच्या गोळ्यात घालून छपराच्या कवेलूंवर फेकायचीस. एक दात मात्र हलेचना, आणि त्याच्या अंगावरून नवा उगवायला लागला. "हालवू नको, शुभ असते," त्या आजीने सांगितलं, आणि तू इतकी आनंदलीस की मला साखर दिलीस. दुसरं सांगणारं होतं तरी कोण? गोंदियाला दातांचा डॉक्टर होता, पण दात ठणकून जीव नकोसा झाला की उपटायला जायचं, एवढीच त्याची ओळख. पडायचा दात वेळेवर पडला नाही तर नव्याला जागा मिळत नाही, हे मला या वयात कळलं.

तुझ्या दातांतून रक्त यायचं. त्या दाटीत अडकलेलं अन्न कोणत्या काडीने निघणार होतं? तू गुडाखू लावायचीस. तंबाखूचा तो काळा लगदा हिरड्यांवर घासला की बधिर व्हायचं आणि तुला वाटायचं, बरं झालं. मग दात हलू लागले, एकेक करून गेले. तुला फुटाण्यांची किती आवड! शेवटी खलबत्त्यात कुटून, गुळाबरोबर चिमूट चिमूट खायचीस. मी विचारलं, दुखते का? "दुखाले आता दात कुठं आहेत वं?" म्हणालीस आणि हसलीस. तेव्हाही पदर तोंडावर.

पोरीला गोंदियाला नेलं. दात सरळ करणारी डॉक्टर तरुण आहे, निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलते. तिने समजावलं की प्रत्येक दातावर एक बारीक चकती चिकटवायची, त्यातून तार ओवायची आणि महिन्या-महिन्याने ती आवळायची. दात हळूहळू सरकतो, एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. घाई चालत नाही. मी आपली मान डोलावत होते, तोंड मिटून. तिने पाहिलंच. "आप भी बैठिए एक बार. मसूड़ों से खून आता है क्या?" येत होतं. कितीतरी वर्षं हिरड्यांतून येत होतं, मी फक्त गुलाबी चूळ थुंकून पाणी ओतायचे. तिने आरसा धरला. "हड्डी अभी ठीक है. पहले मसूड़ों का इलाज, फिर तार. ऐसे ही छोड़ दिया तो दाँत हिलने लगेंगे." मला तुझा खलबत्ता दिसला, माय. मी घाबरले, खरंच घाबरले.

घरी सांगितलं तर तुझा जावई म्हणतो, "या वयात तारा लावून का नवरी बनून राहिली?" मी बेत सोडला असता. पण पोरगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, दात तिचे आहेत ना?" त्याने भात कालवला आणि विषय संपला. आधी हिरड्या साफ झाल्या, मग तारा चढल्या. तार आवळली की आम्ही मायलेकी दोन दिवस मऊ वरणभात गिळतो आणि एकमेकींची तोंडं पाहून हसतो. फटीत घालायचा इवलासा ब्रश असतो, तो रोज फिरवते. आता रक्त येत नाही. फुटाणे मात्र बंद, कडक काही चावलं की चकती निघते. म्हणून तुझा खलबत्ता फळीवरून काढला. कुटते आणि गुळाबरोबर खाते. चव तीच आहे गं.

परवा दुकानात एका बाईला काचेच्या बांगड्या भरत होते. तिने सासूचा काहीतरी किस्सा सांगितला आणि मला हसू फुटलं. माझे दोन्ही हात तिच्या मनगटावर. सोडले असते तर बांगडी फुटली असती. मी तशीच हसले, सगळे दात बाहेर. ती म्हणाली, "बाई, तारा चमकून राहिल्या तुमच्या." मला आणखी हसू आलं. पलीकडून पोरगी माझ्याकडे पाहत होती, तीही हसली, आणि तिचे हात मांडीवरच होते.

सगळ्यांना मी सांगते की हिरड्यांसाठी लावल्या तारा. ते खोटं नाही. पण खरं कारण हे हसणं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून हेही लिहून टाकते. परवा तू दारात उभी असतीस आणि "तोंडावर हात ठेव वं" म्हणाली असतीस, तर मी हात तोंडावर नेला असता आणि बांगडी फुटू दिली असती.