निंदणातलं इंग्रजी

प्रिय शिवम,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. पोळ्याच्या दिवशी आपण बोलत होतो, तेव्हा मागून एका मुलीने तुला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि तू झटकन कॅमेरा छताकडे फिरवलास. अरे, आई आहे मी तुझी! दुसऱ्याच दिवशी तुझ्या बहिणीकडून मोबाइलमध्ये इंग्रजी शब्द शिकायचं अ‍ॅप टाकून घेतलं. उद्या ती पोरगी बोलायला आली, तर मी काय नुसती मुंडी हलवत बसू?

आता गंमत ऐक. कपाशीच्या निंदणाला फोन कमरेला खोचून नेते. तो एक शब्द बोलला, की ओळीतल्या साऱ्या बाया माझ्यासोबत ओरडतात. निंदणाची गाणी आपण अशीच म्हणतो ना, एकीने सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं! पण अ‍ॅपला एकटीचाच आवाज लागतो. ते दरवेळी चूक दाखवतं आणि शेजारच्या दुर्गाबाई भडकतात, "मेल्याले आयकू येत नाही काय?" त्यात ते मला पेंग्विन शिकवतं. बार्शीटाकळीत पेंग्विन कुठून आणू रे बाबा?

खरी धाकधूक तुझ्या बाबांची होती. मी त्या मुलीचं सांगितलं, तर ताट सरकवून उठले. आपल्यातलीच सून हवी, हे त्यांच्या डोक्यात किती पक्कं होतं, तुला ठाऊक आहे. ते नाही म्हणतील आणि तू घर तोडशील, हीच भीती होती. मग ते शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून आमचा गोंधळ ऐकू लागले, हसू लागले. परवा पाहते, तर बैलांना कुटार टाकताना एकटेच "वेलकम, वेलकम" घोकताहेत! मला पाहून खोटंच खोकले.

काल जेवताना मी म्हटलं, बाकी सारं शिकेन, पण दारात धान्याचं माप ठेवून "हे ओलांड आणि आत ये" कसं म्हणायचं, ते काही अ‍ॅपमध्ये सापडत नाही. तर म्हणाले, "त्याले इंग्रजी कायले लागते? तू माप ठेव. मीच वलांडून दाखवतो तिले."

शिवम, साठीतला तुझा बाप नवरीसारखं माप ओलांडायला तयार झालाय. आता तरी कॅमेरा खाली कर आणि तिचं नाव सांग.

तुझीच,
आई