ब्राउझरला भोक, तरी ऑर्डर शाबूत

आदरणीय ज्योतीराम दाजी,

भोसरीहून साहेबरावचा नमस्कार, आज जरा ताठ मानेनेच. तुमची शुगर आटोक्यात असेल आणि चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटवर टँकर वेळेवर येत असेल, अशी आशा. नसला तरी आज आधी माझंच ऐका. वर्कशॉपची चाकणची ऑर्डर वाचली, आणि ती मी वाचवली!

ज्या कंपनीला आम्ही ब्रॅकेट पुरवतो, तिच्या ऑडिटर दिव्या मॅडम मंगळवारी तपासणीला आल्या. कंपनीच्या नव्या गाडीची ड्रॉइंग आमच्याकडे येतात. ती फुटली तर ऑर्डर रद्द आणि चाळीस माणसं घरी. आमची रुपाली (ऑफिसचा संगणक तीच सांभाळते) सहा महिने कानीकपाळी ओरडत होती, "काका, ब्राउझर जुना झालाय, अपडेट करू द्या. त्यात भोक हाय. लबाड पान उघडलं की आपल्या फायली बाहेरचा माणूस वाचतो." मी म्हटलं, चालू मशीनला हात लावायचा नाही. (माझा लेथ ब्याण्णव सालचा आहे, त्याने कधी अपडेट मागितला नाही.)

मॅडमनी सगळ्यांसमोर आमच्या संगणकावर एक पान उघडलं, आणि काय सांगू दाजी, आमच्या फायली भराभर त्यांच्या लॅपटॉपवर, तिथून भिंतीवरच्या पडद्यावर! रुपाली पांढरीफटक पडली. पण ड्रॉइंग एकही निघालं नाही! आलेलं ड्रॉइंग छापायचं, लोखंडी कपाटात ठेवायचं आणि संगणकातून पुसायचं, हा माझा नियम. (याच नियमाला सगळे हसायचे.) मॅडम म्हणाल्या, "मानलं तुम्हाला, साहेबराव." ऑर्डर वर्षभर पक्की. मी अख्ख्या वर्कशॉपला भेळ दिली आणि रुपालीला मोठ्या मनाने ब्राउझर अपडेट करू दिला.

तुमचा विजयी मेहुणा,
साहेबराव

ता. क. पडद्यावर पहिली उघडली ती फाइल तुमची होती. साठीच्या सत्कारात करायचं भाषण तुम्ही गुपचूप छापायला पाठवलं होतं ना, तीच. "या सत्काराची मला कल्पनाच नव्हती" इथपासून "(इथे थांबून डोळे पुसणे)" इथपर्यंत चाळीस जणांनी वाचलं. दोघांना खरंच भरून आलं.

आणखी एक. अहवाल पुरा करायला मॅडमना फाइलवाल्याची सही हवी, की यात खाजगी काही नव्हतं. शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर ऑर्डर थांबते, तेव्हा सोबतच्या कागदावर लगेच करा. साक्षीदार म्हणून आमच्या ताईने केली आहे, भाषण दोनदा वाचून. तुम्हाला कळू न देता तो सत्कार ठरवायला ती तीन महिने खपत होती, असं सही करता करता म्हणाली.