सगळ्यांकडे मोटर

प्रिय भालू,

तुझा प्रबंध स्वीकारला गेला हे वाचून फार आनंद झाला, पण पेढे वाटले नाहीत. कोणत्या तोंडाने वाटू? आमच्या दारातल्या फरशीवर शेजारच्या शंकररावांचं रक्त वाळलंय. घासूनही जात नाही, आणि घासायला पाणी तरी कुठे आहे मेलं!

गेल्या दिवाळीत मी चकल्या तळत होते आणि तू तुझा प्रबंध समजावत होतास, की माणसाचं सुख त्याच्या एकट्याच्या ताटात नसतं, शेजारी काय वापरतो त्यावरही ठरतं; आणि हे सगळं धरूनसुद्धा बाजार एका जागी स्थिरावतो, समतोल साधतो. मी हसले होते. आता ऐक. बरखेड्यातल्या आमच्या कंपनी क्वार्टरांच्या लाइनीत रीत होती. नळाला पाणी आलं की खालच्यांनी तोट्या बंद ठेवायच्या, वरच्यांचं झालं की मग आपलं भरायचं. यंदा मे महिन्यात पाणी रोडावलं आणि तुझ्या भाऊजींनी चोरून नळाला मोटर लावली. आमची टाकी भरली, शेजारचा नळ नुसता फुसफुसला. मग शंकररावांनी मोटर आणली, वरच्या कमलिनीबाईंनी आणली, सगळ्यांनीच आणली. मोटरीला बाजारात भाव होता रे, शेजाऱ्याच्या कोरड्या घशाला नव्हता. झालं स्थिर! सगळ्यांकडे मोटर, आणि पाणी पहिल्यापेक्षा कमी.

सोमवारी सकाळी शंकररावांच्या सुशीलावहिनी तापाने फणफणलेल्या, घरात थेंब नाही, म्हणून शंकरराव आमच्या मोटरीची वायर उपटायला आले. यांनी पाना उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला. ते पडले, त्यांनी हात जोडले, तरी यांनी पुन्हा घातला, तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, भालू. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. खांदा अजून वर होत नाही. मोटर आपली घरघरतच होती. शंकररावांचा डावा डोळा गेला.

आणि आता सगळी लाइन म्हणते, शंकरराव फिसल गये. कमलिनीबाईसुद्धा, ज्यांच्या जिन्यावर रक्त उडालं. प्रत्येकीच्या घरात चोरून लावलेली मोटर आहे ना! एकीने तोंड उघडलं तर सगळ्यांचे क्वार्टर जातील, या भीतीने जी ती दुसरीकडे बघून गप्प बसते. हाही तुझा समतोलच की नाही? मला यांचा येतो तितकाच त्या मिटलेल्या तोंडांचाही संताप येतो.

उद्या पोलीस माझा जबाब घेणार आहेत. जे पाहिलं तेच सांगणार. हे तुरुंगात जातील, क्वार्टर जाईल, सासूबाई जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडतील. तुला हे पत्र मिळेपर्यंत सांगून झालेलं असेल, तेव्हा माझी समजूत घालायला येऊ नकोस. हबीबगंज स्टेशनला उतर आणि आमच्या प्रतिभाला घेऊन जा. पोरगी काल मैत्रिणींना सांगत होती, की काका पाय घसरून पडले. ती तेव्हा दारातच उभी होती रे. तिने सगळं पाहिलंय.

तुझीच, हट्टी ती हट्टीच,
मंदाताई