काळं डोकं, गुलाबी अंग

५ सप्टेंबर २००५, सोमवार

बाबांनी आज आपणहून काचेचं कपाट उघडलं आणि तो दगड माझ्या तळहातावर ठेवला! एकतीस वर्षं आईलासुद्धा पुसू दिला नव्हता. म्हणाले, पिसाला तुझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात घाल, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे.

कारण कळायला वेळ लागला नाही. बाबांचे जुने मित्र एजिस्तोकाका येत्या सतराला बेट सोडून लिव्होर्नोला लेकीकडे जाताहेत, कायमचे. बाबा आणि ते तरुणपणी एकाच खाणीत ग्रॅनाइट फोडायचे. रविवारी स्फटिकांसाठी डोंगरातल्या शिरा उकरायचे. बाबांची वरची शीर, काकांची झऱ्याकाठची. ७४ साली हा टूर्मलिनचा स्फटिक मिळाला. बोटभर, गुलाबी, वर काळं डोकं. बाबा म्हणतात, या दोन बोटांनी मी ओढून काढला. काका म्हणाले, "त्यात माझं आहे, चोरा!" काय तुझं, कसं तुझं, विचारलं तर तोंड मिटून. तेव्हापासून चर्चमध्येही एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

बाबा हरले तर? मला वाटतं, त्यांनाही तीच भीती आहे.

८ सप्टेंबर, गुरुवार, पिसा

असा स्फटिक खालून वर वाढतो, आणि भोवतालच्या रसात त्या त्या वेळी जे असेल ते अंगात घेतो. आधी मँगनीज, म्हणून गुलाबी. मग शेवटी खडक तडकतो, बाहेरून लोह शिरतं आणि टोक काळं पडतं. मधे काही पुसायची, सावरायची सोय नाही. माणसांना असं घडलेलं सगळं जसंच्या तसं जपणं जमलं असतं तर किती भांडणं वाचली असती!

ताडून पाहायला दोन्ही शिरांचे तुकडे आणलेत. उद्या कळेल.

९ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल आला. जेवण गेलं नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार, सान पिएरो, घरी

चार दिवस बाबांना टाळतेय. यंत्राला वेळ लागतो म्हणून थाप मारली.

गुलाबी अंग बाबांच्या शिरेतलं, शंकाच नाही. पण डोकं? वरच्या शिरेच्या काळ्या टोकांतही मँगनीज भरपूर असतं, यात नावालाही नाही. ते झऱ्याकाठचं आहे. आणि दोघांच्या मधे केसाएवढी रेघ. गोंदाची!

गोंद म्हणजे आई. आमच्याकडे रविवारचे दगड बायकाच धुवायच्या, मोडलेले तुकडे जुळवून चिकटवायच्या. काका विधुर, म्हणून त्यांचीही पिशवी आमच्याच मोरीत यायची. आईनं दोन्ही पिशव्या एका घंगाळात ओतल्या असणार. जाडी जुळली, लावून टाकलं. मातीनं माखलेला दगड आणताना त्याला डोकं आहे की नाही, हे बाबांनाही कळलं नसणार.

आणि हीच आई मरेपर्यंत म्हणत होती, "देऊन टाक ना तो दगड, ओत्तोरिनो." म्हणजे तिलाही नवरा चोर वाटत होता. बिचारी! आता तिच्या माघारी तिच्यावर खापर फोडू? न सांगावं तर बाबा असेच जातील, आणि काकाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं. चण्याचं सूप पुढ्यात होतं, निवून गेलं.

"तिला माहीत होतं, नीवेस?"

"नाही, बाबा."

अंगणात जाऊन बसले. मी हाक मारली नाही. अंधारायच्या आधी आत आले आणि विचारलं, गोंद कशानं सुटतो? नखांचा रंग काढायचं पाणी दिलं. तासाभरात डोकं वेगळं झालं. उघडा गुलाबी दांडा बघून मलाच रडू फुटलं.

१७ सप्टेंबर, शनिवार

बंदरावर गेलो. बाबांनी रविवारचा कोट घातला होता, दगडाचं डोकं रुमालात बांधलेलं. काका बाकावर, लेक तिकिटांच्या रांगेत. किती वाळलेत! बाबांनी रुमाल उघडून पुढे केला. "हे तुझं. माझ्या लोरिआनाकडून चुकून चिकटवलं गेलं. मला परवा कळलं."

काकांनी ते उचलून उन्हात धरलं. मग म्हणाले, "ती चिकटवत होती तेव्हा मी दारातच उभा होतो. वाटलं, तूच सांगितलंस तिला. तिचं नाव गावात निघायला नको होतं मला."

एकतीस वर्षं! एक वाक्य बोलले असते तर? पण बोलले असते तर आईचं नाव चव्हाट्यावर आलं असतं, हेही खरं. मला राग धरायचा होता, धरता आला नाही. दोघं बोटीची वेळ होईपर्यंत शेजारी बसून होते. काय बोलले, मी ऐकलं नाही. लांब उभी राहिले.

१८ सप्टेंबर, रविवार

काकांनी डोकं नेलंच नाही. बाबांनी आज ते परत लावलं, आईनं लावलं होतं तसंच, जरासं वाकडं. मी विचारलं, कपाटातल्या चिठ्ठीवर कुणाला सापडला म्हणून लिहू?

म्हणाले, "आईचं नाव घाल. एजिस्तोनं तसं सांगितलंय."