जलपरीच्या संडासाचा वास

१७ नोव्हेंबर, सोमवार

लागली एकदाची नोकरी! मोहाडीहून साकोलीला आलो, तिथून ऑटोने तलावावर. पर्यटकांना फिरवणारी ‘जलपरी’ बोट, वीस माणसांची, आणि तिच्या संडासाचा वास घालवायचं काम माझं. राखीला सांगितलं तर फोनवर हसून हसून बेजार. हसू दे बायकोला. घरचे सगळे हातमागावर, मीच एकटा नळफिटिंगकडे वळलो. आणि नाक असं आहे की कुणाच्या घरी फोडणी करपली ते गल्लीतून सांगतो. मालक लक्ष्मणराव गोड बोलले. रविवारी पहिली सहल आहे, तोवर वास गेला तर मी कायम. अट एकच: मैल्याची टाकी उघडायची नाही.

माझ्याआधी बोटीची देखभाल कैलाश करायचा. दिवाळी झाल्यावर तो नाटक कंपनीबरोबर गेला म्हणे. आमच्या झाडीपट्टीत यात नवल नाही. मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचे दिवस आले की कुणी तबला वाजवायला, कुणी पडदे ओढायला जातो आणि होळीला घरी उगवतो. त्याला कुणी शोधायलाही जात नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाइप तपासले. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास आला तर पाइपात घाण मुरली समजा. दोन पाइप बदलले. फ्लशला तलावाचंच पाणी येतं, त्यातलं शेवाळ आत सडतं, म्हणून व्हिनेगर भरून ठेवलं.

जेवणाचा डबा आनंदाबाई आणतात. त्या कैलाशची आई. पोराचा फोन आला का, असं मलाच विचारत होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, “होळी झाली का येते तो.” त्याच्यासाठी शर्टाचं कापड घेऊन ठेवलंय त्यांनी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वास तसाच. आणि हा संडासाचा वास नाही, हे मी पैजेवर सांगतो. एक कुत्रं टाकीच्या झाकणाला नाक लावून कण्हत होतं. लक्ष्मणरावांनी वल्हं उचललं. पहिल्या फटक्यात त्याची कंबर मोडली. मग ते थांबेचनात. डोकं फुटून फळ्यांवर सांडलं तरी मारत होते. शेवटी मला शांतपणे धुऊन काढ म्हणाले. मी धुतलं. लाज वाटते, पण धुतलं.

आनंदाबाईंकडून कळलं की दिवाळीत कैलाशचं मालकांशी वाजलं होतं. मालक टाकीचा मैला तलावात सोडायचे, तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे मासे मरायचे. मच्छीमार सोसायटीत सांगतो, बोटीचा परवाना गेला तर जाऊ दे, असं तो म्हणाला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टाकीची हवा जायची नळी तुंबलेली. तार घातली. तारेला केस आले. आखूड, काळे, मुळाशी कातडं.

टाकी उघडायची नाही. नाहीच उघडायची. पण नाक ऐकत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उघडली. मालक साकोलीला गेले होते.

आत हात आहे. कोपरापासून तोडलेला. त्यावर गोंदलंय — कैलाश. खाली पाय — आणखी तुकडे — पाहवलं नाही. तलावात टाकलं असतं तर ढिवरांच्या जाळ्यात वर आलं असतं, म्हणून इथे. आणि वास घालवायला मी.

झाकण लावलं तोच मालकांची गाडी आली. आनंदाबाईंनी डबा हातात दिला; मालक पाहत होते, मी तो घेऊन बोटीत शिरलो. उद्या पोलिसांत जाणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

गावात मंडई. काठावर चिटपाखरू नाही. मी बोटीवरून उतरायला निघालोच होतो — मालकांनी बोट सोडली, चक्कर मारून पाहू म्हणाले. मधोमध आणून इंजिन बंद केलं. झाकण दाखवलं. त्याचं रबर फाटकं होतं, काल मी हातासरशी नवं बसवलेलं. सवय — काम अर्धवट सोडवत नाही मला —

कुऱ्हाड खांद्यात लागली. डावा हात हलत नाही. संडासात कोंडून घेतलंय. वही आणि डब्याची प्लास्टिकची पिशवी खिशात होती. फोन बाहेर पडला.

फोन वाजतोय. राखीचा. मालकांनी उचलला. मी ओरडलो — ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी हॉर्न दाबून धरलाय — माझा आवाज बसला, आता सोडला. किती शांत बोलतात —

“कायले घोर करून राहिल्या बाई? नाटकासंगं गेला तो. होळीले येते.”

राखी, मला गाणं येत नाही गं. मी कधी नाटकात — तुला माहीत आहे —

फोन ठेवला.

दार. एक फळी गेली. पातं आत येतंय. बोटं — रक्ताने पेन निसटतो —

खिडकीखाली ढिवरांचं जाळं. वही डब्याच्या पिशवीत बांधून टाकतो. ज्याला मिळेल त्याने आनंदाबाईंना सांगा, वाट पाहू नका. राखीलाही — तिला म्हणावं मी —