नळाची टाच

पिपरी मेघे
दि. ६ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. नलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

सेलूच्या कॉलेजसाठीचा पुतळा ओतून झाला. माझं हे पहिलंच मोठं काम, म्हणून आधी तुला कळवतो. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले, पण ज्याचे पाय जमिनीला टेकले होते तोच आपला, हे दमयंतीनं ओळखलं. तो क्षण मी घेतला आहे. दमयंती अशी उतरली आहे, ताई, की मीच तिच्याकडे बघत बसतो. कांता म्हणते, बायकोकडे कधी असं पाहिलं नाही.

पण नळाची टाच बिघडली. नानाजी ओतारी चाळीस वर्षं घंटा आणि देव ओतताहेत, तरी रस टाचेशी लवकर थिजला आणि भेगा पडल्या. त्यांनी माझ्यापुढे मान खाली घातली. मेणाचा नमुना तर वितळून गेला. दुसरा घडवायला वर्ष लागेल आणि कॉलेज तितकं थांबणार नाही. तरी असलं व्यंग माझ्या नावावर नको. रविवारी पुतळा फोडणार.

भाऊजींना सांगू नकोस, हसतील. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
प्रभाकर

रोहणा
दि. १० फेब्रुवारी १९७८

चि. प्रभाकरास अनेक आशीर्वाद.

सांगायचं काय राहिलं? हे काल कापूस घेऊन वर्ध्याला गेले होते, तुझ्याकडेही डोकावले. तू नव्हतास, कांतानं चहा दिला आणि पुतळा दाखवला. घरी येऊन पायताण काढलं आणि ओट्यावर आपलीच टाच न्याहाळत बसले. मग मला म्हणाले, प्रभाकरनं मले न विचारता माही टाच काऊन घेतली? देवाईचे पाय गुळगुळीत असतीन, तिनं टाच पाहूनच ओयखलं असंन, पोरगी आपल्या इकडचीच होती, असंही म्हणाले. अठरा वर्षांत या माणसानं तुझ्या कामाबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

मला रडूच आलं. तुमचा नमुना राळ-मेणाचा, आणि दर चैत्रात मी यांच्या भेगा भरते त्याही राळ-मेणानंच. तोंडं झाकून चार जण बसवले तरी मी यांना टाचेवरून काढून दाखवीन. तेव्हा शहाण्या, हातोडा ठेव. नानाजींनाही हे वाचून दाखव.

कांताला जप, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
नलूताई

पिपरी मेघे
दि. २० फेब्रुवारी १९७८

ती. सौ. नलूताईस,
शि. सा. न.

पुतळा शाबूत आहे. काल कॉलेजचे अध्यक्ष वासुदेवराव पाहायला आले. दमयंती पाहून खूश झाले आणि मग नजर टाचेवर गेली. भेगा बुजवून वरून रंग द्या, म्हणाले. मोठ्या माणसांपुढे माझी जीभ वळत नाही, तुला माहीतच आहे. पण काल म्हणालो, भेगा राहतील, नाही तर पुतळा येणार नाही. नानाजी माझ्याकडे बघतच राहिले.

मग खरं तेही सांगितलं, की ही ओतण्यातली चूक आहे, पण रोहण्याच्या आमच्या भाऊजींनी तिच्यात आपली टाच ओळखली. वासुदेवराव उकिडवे बसले. भेगांवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, माह्या बापाची टाच अशीच होती, अन मी तिले कधी हात लावला नाई.

उद्या ट्रक येतो आहे. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

तुम्हा दोघांचा,
प्रभाकर