उन्हात ठेवलेले सेल

सुरत
१८ जानेवारी १९८७

ती. शामलाताईस,
बळीरामचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी तुझा आवाज पळवून आणला असं तू पुन्हा लिहिलंस, हे काही बरोबर नाही वं ताई. दिवाळीच्या सुट्टीत टेपरेकॉर्डर तुझ्या समोरच स्टुलावर ठेवला होता. लाल बटन तुझ्या डोळ्यांदेखत दाबलं. तू खाकरलीस, पदर सावरलास, जसा काही टेपात पदर दिसते. आता म्हणतेस मले सांगितलं नाही. सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस, कारण तू गाऊन राहिली होतीस.

अन् गाणं धावते म्हणे, वरात उशिरा निघाल्यासारखं! ते गाणं मी कशावरून बसवलं हे तुले माहीत आहे. बाबाच्या हातमागावरून. पावडी दाबली, धोटा इकडून तिकडं गेला, फणी ठोकली. खट, सर्र, धप. आपण दोघं याच आवाजात झोपत होतो. माझ्याजवळ ना तबला ना पेटी. सेठच्या व्हिडिओच्या दुकानात कॅसेटींचे खोके पडले असतात, त्याच्यावर बोटं वाजवून चाल बसवली. चाल बसली, पण बोल सापडेनात. मंग सेठनं एका कारखान्याच्या पूजेच्या शूटिंगले पाठवलं. तिथं पावरलूमचा धोटा डोळ्यांले दिसतच नाही, नुसता गोंगाट. मले बाबाचा धोटा आठवला. त्याले थांबवून विचारता तरी येते की गड्या, कुठं गेलता. तिथं उभ्या उभ्या दोन ओळी झाल्या.

धोट्या रे धोट्या, कुठं गेलता गा?
या काठाचा निरोप घेऊन त्या काठाले गा.

हसू नको. आता या गाण्याले चित्र पाहिजे. लोकांच्या लग्नाले दुसऱ्यांची गाणी लावून लावून कंटाळलो. आपलं गाणं, आपलंच चित्र, असं एक तरी करायचं आहे. योग असा आला आहे की सेठच्या ओळखीच्या साडीवाल्याच्या पुतणीचं लग्न फेब्रुवारीत जरीपटक्यात आहे. मी कॅमेरा घेऊन येऊन राहिलो. एक दुपार मोकळी मिळेल. आपल्या इंदोऱ्यातून जरीपटका म्हणजे सायकलच्या टप्प्यात. मले बाबा मागावर पाहिजेत.

बाबाले तूच तयार कर. माग सोडून गेलो तेव्हापासून ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. पोरगा लोकांच्या लग्नात दिवा धरून उभा राहते, हा काय धंदा आहे, असं ते शेजारच्या नानाजीले म्हणाले ते माझ्या कानावर आलं आहे. मले शाबासकी नको. मीही काहीतरी विणतो हे बाबानं एकदा डोळ्यांनं पाहावं, एवढंच. बुद्धपौर्णिमेले मंडळ विहारासमोर टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणणार आहे, तेव्हा दाखवता येईल.

मनीऑर्डर दरवेळसारखी दोनशेची केली आहे. राग धरायचा त धर, पण माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
बळीराम

·

इंदोरा, नागपूर
२९ जानेवारी १९८७

चि. बळीराम यास,
शामलाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचले. भांडणाचे उत्तर भांडणाने देणार होते, पण बालवाडीत दिवसभर तेच काम करते, म्हणून घरी सुट्टी.

बाबांना विचारले. ते म्हणाले की माग म्हणजे काही प्रदर्शनातला हत्ती नाही. मी बसेन तेव्हा विणेन, सोंग करणार नाही, कोणाला पाहायचे असेल तर खिडकीतून पाहावे. मी याचा अर्थ होकार असा घेतला आहे. तू उगाच आभार मानायला जाऊ नकोस, नाहीतर नकार येईल.

मग जेवताना त्यांनी आपणहून विचारले, ते तुला कळवते. त्यांचा हात त्यांच्या चालीने चालतो. तो तुझ्या गाण्याशी जुळणार कसा? याचे उत्तर तू घेऊन ये.

माझा चेहरा दिसता कामा नये. बालवाडीतल्या पोरांच्या आया मला रस्त्यात उभे राहू देणार नाहीत. आवाज घेतलास तेवढा पुरे. माय मात्र धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला बसणार आहे. कोणते लुगडे नेसू, हे तिने तीन शेजारणींना विचारून झाले. येताना कॅमेरा सांभाळ आणि स्वतःलाही. आमची आठवण भांडणापुरती तरी येऊ देत जा.
तुझी,
ताई

·

सुरत
४ मार्च १९८७

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सगळं वाया गेलं.

तुझ्या समोरच सगळं झालं. बाबाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी टेपरेकॉर्डर मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्याजवळ, त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. सिनेमातही असंच करतात, गाणं वाजवतात अन् त्याच्यावर काम करतात. मी खिडकीबाहेर. मले मागाच्या खडखडीशिवाय अन् अर्ध्या मोहल्ल्याच्या कालव्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला होता, लग्नातही ठेवतो, गाणी मागून भरतो. चित्र किती बेस आलं म्हणू! खिडकीतून उजेड ताण्याच्या उभ्या सुतावर पडला आहे अन् बाबाचे हात त्यातून येऊन जाऊन राहिले. माय तेवढी फोटो काढल्यासारखी श्वास धरून बसली. मी कांडी फिरव म्हणून खुणा करून राहिलो, अन् ती मले खुणेनंच सांगून राहिली की आधी फोटो होऊ दे.

इथं येऊन दोन व्हीसीआर जोडले, एकातलं चित्र दुसऱ्यात उतरवलं, त्यावर गाणं भरलं. गाणं पुढं पळते अन् बाबाचा हात मागं राहते. तू तिसऱ्या कडव्यात पोचतेस तेव्हा बाबा दुसऱ्यातच आहेत. सेठ पोट धरून हसला. तुझा बाप आपल्याच वरातीच्या मागं राहिला म्हणाला.

बाबानं हे मुद्दाम केलं. मी हात जोडून सांगितलं होतं की फक्त गाण्यासोबत चला. आयुष्यभर ते इतकं हळू कधी विणले नाहीत, अन् माझ्याच वेळेस हात जड झाला काहून? धंदा पसंत नव्हता त तसं तोंडावर म्हणायचं होतं.

सेठले चित्राची कॅसेट वापस पाहिजे. पुढच्या आठवड्यात लग्न आहे, ते याच्यावरच भरणार. भरू दे. मी पुसायले देऊन राहिलो. मनीऑर्डर केली आहे, नेहमीचीच. तुझ्यावर राग नाही, तुझा माझ्यावर नसावा.
बळीराम

·

इंदोरा
१० मार्च १९८७

चि. बळीराम यास,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेलच. पुसू नकोस, पुसू नकोस, पुसू नकोस. तारबाबू म्हणाला एकदा लिहिले तरी चालते, शब्दाचे पैसे पडतात. मी म्हटले, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही.

आता ऐक, आणि वाचताना उभा असशील तर खाली बस. टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल टाकून ठेव, असे तू येण्याआधी कार्डात लिहिले होतेस. मी आणलेही होते. पण मायचा रेडिओ त्याच दिवशी गप्प झाला आणि तिने तोंड इतके बारीक केले की ते सेल मी रेडिओत टाकले. रेडिओतले जुने काढून दोन दिवस टिनावर उन्हात ठेवले, सगळे ठेवतात तसे. चांगले गरम झाले होते. मला वाटले भरले. गाणे ते केवढे, तेवढे निभेल.

तुझे पत्र वाचले आणि तेच सेल टाकून तीच कॅसेट लावून पाहिली. बळीराम, माझा आवाज ऐकून मी दाराकडे पाहिले की नानाजी कधी आले! सर्दी झालेला माणूस ओसरीवर बसून गातो आहे असे वाटते. सेल उतरलेले, म्हणून टेप हळू फिरतो; गाणे कसले, बैलगाडी.

मी बाबांना विचारले की त्या दिवशी असेच वाजत होते का. ते म्हणाले हो, असेच. त्यांना वाटले तू सुरतेला जाऊन शामलाचा आवाज जाड करून घेतलास, तिकडची काही पद्धत असेल. त्यांचा हात सारखा पुढे धावत होता, आणि धोट्याच्या दर फेकीला ते त्याला आवरत होते. पोराची चाल हीच आहे तर हीच, म्हणाले. त्या दिवशीचे कापड सैल आले आहे, ते त्यांनी मला बोट लावून दाखवले. विणकर सोसायटीचा साहेब घाई करतो तेव्हासुद्धा ते आपली चाल सोडत नाहीत, हे तुला माहीत आहे.

म्हणजे मुद्दाम केले हे खरेच. कशासाठी, ते तू समज. मला रडू आले म्हणून पत्र इथेच थांबवते. सेलांचा राग माझ्यावर काढ, तेवढा माझा हक्क आहे.
ताई

·

सुरत
१९ मार्च १९८७

ती. ताईस,
बळीरामचा जयभीम, वि. वि.

तार आली तेव्हा सेठ कॅसेट मशीनीत घालून राहिला होता. मी हात धरला. कॅसेटीचे पैसे पगारातून कापा म्हटलं. तो म्हणाला याच्या घरचे सगळेच असे आहेत काय.

तुझं पत्र मी बसूनच वाचलं. मंग ते चित्र आवाज न लावता पाहिलं, अन् पुन्हा पाहिलं. हात फेकतात, अन् मधात थोडे थांबतात. आधी मले तो अडेलपणा वाटला होता. आता पाहिलं त बाबा कान देऊन राहिले आहेत. मान जराशी खाली, गुडघ्याकडं, टेपाकडं. खिडकीतून मले हे दिसलं होतं वं ताई, पण मी उजेडच पाहून राहिलो होतो.

चित्र बदलायचं नाही. गाणं बदलायचं. व्हीसीआरसमोर बसून बाबाच्या हाताबरोबर खोक्यावर ठेका धरला, तो या सोबतच्या कॅसेटीत आहे. तेव्हा बाबा माझ्या मागं चालले, आता मी त्यांच्या मागं चालून राहिलो. बालवाडीचा टेप मागून आण. एकावर माझा ठेका लाव, दुसऱ्यावर तुझं गाणं भर अन् इकडं धाड. शब्द तेच, पण घाई सोड. जिथं बाबा थांबतात तिथं तूही श्वास घे. मी म्हणून पाहिलं. आधी निरोप हा शब्द घसरून जात होता, आता पोचते. हे गाणं असंच व्हायचं होतं, मले उशिरा समजलं.

अन् सेल विकत आण. उन्हात पापड ठेव. बाबाले काही सांगू नको, पौर्णिमेले पाहू देत. मनीऑर्डर वेगळी केली आहे, कॅसेटीचे पैसे मी माझ्या खाण्यातून कापले, दोनशे पूर्ण आहेत. आवाज जपशील अन् मलेही.
बळीराम

·

इंदोरा
१६ मे १९८७

चि. बळीराम यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पार्सल वेळेवर आले, आणि बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारासमोर लावले. टेबलावर टीव्ही, टेबलाखाली सगळी पोरे. आधी माय आली, फोटोतली. लोक हसले, तर ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की पुढे मी हालते, थांबा. आणि खरेच हालली. तू तिचे ते कांडी फिरवणे कुठून शोधून काढलेस? ती शपथेवर सांगते की तिला माहीतच नाही.

मग बाबांचे हात आले. माझा आवाज सुरू झाला तेव्हा मी पदर तोंडावर घेतला होता, पण कोणी माझ्याकडे पाहिले नाही. सगळे हातांकडे पाहत होते. मागे बसलेला कोणीतरी म्हणाला की हे तर धोंडबाचे हात. चेहरा नाही, नाव नाही, हातांवरून बाबांना ओळखले. लोकांनी पुन्हा लावायला लावले, मग आणखी एकदा. आता आमच्या बालवाडीच्या अंगणात दोरीवरच्या उड्यासुद्धा या गाण्यावर चालतात.

तुला बाबांचे ऐकायचे असेल. बाबा टीव्हीजवळ गेले, वाकले, आणि कापड नीट दिसते आहे का ते पाहिले. सैलपणा दिसत नाही, पोराने झाकला, एवढे म्हणाले. मी तुला लिहायला बसणार तेवढ्यात त्यांनी थांबवले. दोन दिवस मागावर गुणगुणत होते. काल मला बोलावून म्हणाले की बळीरामाचे गाणे अर्धे आहे. धोटा त्या काठाला गेला, निरोप दिला, आणि पोरगा त्याला तिथेच ठेवून मोकळा झाला. असे कोणी विणते का? पुढच्या ओळी त्यांनी सांगितल्या. त्यांच्या तोंडून निघाल्या तशा लिहिते, मी काही दुरुस्त केले नाही.

त्या काठाले बसला त लुगडं नाही होत गा,
येणं बी त कामच आहे, ये ना इकडं परत गा.

नानाजी आले होते. त्यांना बाबांनी सांगितले की आमचा बळीराम सुरतेला गाणी विणतो. विणतो म्हणाले, बळीराम. मी आतून ऐकले.

उत्तर लवकर दे. आम्ही सगळे वाट पाहण्यात तरबेज झालो आहोत, पण त्याची परीक्षा घेऊ नकोस.
तुझी,
ताई

·

सुरत
२५ मे १९८७

ती. ताईस,
बळीरामचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र सकाळी आलं. सेठले वाचून दाखवलं. त्याले मराठी अर्धीच समजते, पण विणतो म्हणाले, हे त्यानं पुन्हा वाचायले लावलं.

बाबाचं खरं आहे. मी धोटा जातानाच पाहिला. येताना तो दिसत होता, पण मी घेतलाच नाही. शेवटचं कडवं बाबाचंच राहील, अन् ते बाबा स्वतः म्हणतील, तू नाही. नाही म्हणाले त त्यांना सांग की मी खिडकीतून ऐकीन. त्याच्यासाठी धोटा परत येतानाचं चित्र पाहिजे. ते सुरतेत मिळणार नाही, मी पाहून झालो.

या महिन्यात लग्नं सरली की सेठनं आठ दिवस सुट्टी कबूल केली आहे. या वेळेस कॅमेरा आणत नाही. आधी खड्ड्याजवळ बसून नुसतं पाहीन, मंग पुढच्या खेपेले काढू. मी मागावर बसायले येऊन राहिलो नाही हे बाबाले आधीच सांगून ठेव, नाहीतर ते माझ्यासाठी सूत लावून ठेवतील. लावलंच त दोन फेकी टाकीन, उपकार म्हणून.

मायले सांग, खरंच फोटो काढू. लुगडं तेच नेस. माझ्यावरची माया आता पत्रातून धाडू नको, घरीच ठेव, मी येऊन घेतो.
तुझा,
बळीराम

ता. क. मनीऑर्डर पाहून माय घाबरेल, दोनशे नाहीत म्हणून. तब्येत ठणठणीत आहे, नोकरीही आहे. नागपूरच्या तिकिटाचे ठेवून घेतले, बाकीचे पाठवले: रुपये एकशे तीस.